दुसऱ्या फेरीची टोपली

६ जानेवारी

जो शब्दाच्या आधी होता आणि शब्द आटल्यावरही उरणार आहे, त्याच्या कृपेचे स्मरण करून हे पत्र आरंभितो. लेखणी धरणारा हात अलीकडे थरथरतो. तो त्याने स्थिर करावा, आणि करायचाच असेल तर सत्याच्या बाजूला करावा, एवढे मागून विषयाकडे वळतो.

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद.

सात वर्षांनी माझे अक्षर पाहून तू पत्र फाडायला घेशील. फाडण्यापूर्वी एवढे वाच, की तुझी मुलगी येथे सुखरूप आहे. वकिलाच्या कचेरीतली तिची उमेदवारी नीट चालली आहे आणि दर शनिवारी दुपारी ती माझ्या खोलीवर येते. आपण येथे येतो हे तिने तुला कळवले असून त्यावर तू केवळ 'हं' म्हणालीस, असे तिच्याकडून समजले. त्या 'हं'च्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

ती प्रथम आली तेव्हा दारातच म्हणाली, "मामा, आमचे वकीलसाहेब म्हणतात की माझं इंग्रजी ओरडतं. पानभर 'व्हेरी', 'रिअली', 'सर्टनली'. ते शब्द कुठे घालायचे ते शिकवा."

मी विचारले, "आणि कुठे घालू नयेत, ते?"

"ते तुम्ही न विचारताच शिकवाल. आईनं सांगितलंय."

तिचा चेहरा माझ्यावर गेला आहे असे लोक म्हणत. जीभ मात्र संपूर्ण तुझी आहे.

मी तिला शिकवले ते असे. आपल्या भाषेत जोर द्यायचा तर एक 'च' शब्दाला चिकटवला की काम होते. इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द उभा करावा लागतो, आणि तो ज्याला टेकू द्यायचा त्याच्या शेजारीच उभा करावा लागतो. भिंत एकीकडे कलली आणि टेकू दुसरीकडे लावला, तर भिंत पडतेच, वर टेकूही वाया जातो. शिवाय चांगल्या भिंतीला टेकू लावला, तर पाहणाऱ्याला ती पडकी वाटू लागते. आपल्या जुन्या भाष्यकारांची गोष्ट तिला सांगितली: मूळ वचनात निश्चयाचा एक लहानसा शब्द आला की ते तेथे पानभर थांबत. हा कशाला आला? याने कोणाला आत घेतले, कोणाला बाहेर ठेवले? ऋषी उगाच जोर देत नाहीत, या श्रद्धेपोटी ते थांबत.

मग तिला दहा वाक्ये लिहायला दिली. तिने एका वाक्यात 'व्हेरी डेड' असे लिहिले. मी म्हणालो, अगं, मेलेला माणूस जास्त मेलेला किंवा कमी मेलेला नसतो. ती हसली, मीही हसलो. हसता हसता आम्ही दोघेही थांबलो. का थांबलो ते तुला ठाऊक आहे. त्या विषयावर मी या पत्रात काही लिहिणार नाही.

उजव्या डोळ्यावर पडदा आला आहे. बाकी क्षेम.

दादा


२० जानेवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

उत्तराची अपेक्षा नव्हती, म्हणून निराशाही नाही. तरीही टपालवाल्याच्या पावलांकडे कान लागतो, हे कबूल करतो.

गेल्या शनिवारी मुलीने पिशवीतून दीड पानांचा इंग्रजी मसुदा काढून माझ्यापुढे ठेवला. तुझ्या वतीने परवाना मंडळाला करायचा हा अर्ज आहे. नवा पुरावा मिळाल्यास सात वर्षांच्या आत निकाल पुन्हा उघडता येतो, आणि ती मुदत मार्चअखेर संपते, असे तिने कचेरीतल्या पुस्तकात शोधून काढले आहे. तिला वाटते, तू यंत्रांची माणूस आहेस. दूरच्या गावी लोकांची शिवणयंत्रे दुरुस्त करीत बसावे, हे तुझे विधिलिखित नव्हे.

तिने प्रकरण थोडक्यात मांडले आहे. तू कागद कारखान्याची तपासणी अभियंता. सहामाही सफाईसाठी कारखाना आठवडाभर बंद होता. बुधवारी तू बॉयलर तपासलास, इंग्रजीत अहवाल लिहिलास आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावच्या कारखान्यावर गेलीस. शनिवारी सकाळी भट्टी पेटवली गेली आणि अकराच्या सुमारास बॉयलर फुटला. भट्टीवाले काका गेले. चौकशीत तुझा अहवाल वाचला गेला. त्यात लिहिले होते की सुरक्षा-झडप अडकलेली दिसते. पेटवण्यापूर्वी बदलणे इष्ट ठरेल. चौकशी अधिकारी म्हणाले, इतक्या मिळमिळीत शब्दांत कोणी धोका सांगतो का? तू म्हणालीस, मी असे लिहिलेच नव्हते. तुला तसे सिद्ध करता आले नाही. परवाना गेला.

एवढ्याशा अर्जात जोर देणारे शब्द चौदा. 'माझ्या आईने खरोखर इशारा दिला होता.' 'तिने अगदी स्पष्ट लिहिले होते.' 'ती नक्कीच निर्दोष आहे.' माझी लाल पेन्सिल सवयीने उचलली गेली. पहिल्या 'रिअली'वर टोक टेकले आणि पुढे जाईना. मुलगी माझ्या हाताकडे पाहत होती. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणालो, पुढच्या वेळी पाहू, आज डोळ्याला त्रास होतो.

तिने चहाचे कप विसळले. मग पाठमोरी असतानाच विचारले, "मामा, सगळ्यांचे अहवाल तुमच्या हातून जायचे ना? आईच्या मूळ कागदावर काय होतं?"

कारखान्याची पद्धत तिला समजावून सांगितली. सर्व अहवाल पेन्सिलीने लिहून माझ्याकडे येत. मी भाषा तपासून टंकलेखिकेकडे देई. टंकलेली शुद्ध प्रत अहवाल लिहिणाऱ्याला पुन्हा दाखवण्याची पद्धत नव्हती. पानाखाली त्याचे नाव टंकलेले असे आणि कोपऱ्यात माझी आद्याक्षरे. कच्चे कागद वेताच्या टोपलीत जात. शनिवारी भट्टीवाले काका ढकलगाडी घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरत आणि त्या टोपल्या भट्टीत रिकाम्या करीत. आपल्या कारखान्यात शब्दांवर पाणी उकळते, असे ते म्हणत.

"म्हणजे जळाला."

"पद्धत तशी होती," मी म्हणालो.

उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

दादा


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. दोन ओळी. 'मुलीला शिकवावे. आपल्याला विनंती, मला पत्रे लिहू नयेत. त्यांची मला गरज नाही.' मी ते कार्ड दिवसभर घेऊन हिंडलो. आई-वडिलांच्या मागे मी तुला वाढवले. तू मला 'अरे दादा' म्हणत आलीस; रागावलीस की 'दाद्या'. 'आपल्याला' हा शब्द तू माझ्यासाठी प्रथमच वापरलास. एवढ्या आदराने मला आजवर कोणी दूर लोटले नव्हते.

तरी लिहितो आहे. गरज तुझी नाही, माझी आहे.

तू नऊ वर्षांची असताना मी तुला इंग्रजी शिकवायला घेतले, तेव्हाची आठवण आहे का? जेवणाच्या टेबलावर तू लिहायचीस, मी खोडायचो. 'मी खूप खूप भुकेली आहे' असे लिहिलेस. मी दोन्ही 'व्हेरी' खोडले. तू म्हणालीस, "पण दादा, मला खूपच भूक लागलीये." मी म्हणालो, भूक लागली असे लिही, किती, ते वाचणाऱ्याला कळेल. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "आणि नाही कळलं तर?"

मी हे उत्तर घरादारात कौतुकाने सांगत असे. त्यातला प्रश्न मात्र मी कधी ऐकलाच नाही.

जोर देणे म्हणजे स्वतःच्या शब्दावर अविश्वास दाखवणे, ही माझी धारणा होती. ती मी शास्त्रातून उचलली असे मला वाटे: सूत्रकार एक अक्षर जास्त लिहीत नाहीत. कारखान्यात तीस वर्षे मी याच धारणेने पेन्सिल चालवली. फोरमन, रसायनवाले, लगदा-विभागाचे मुकादम, सर्वांचे अहवाल माझ्या टेबलावरून शांत होऊन जात. व्यवस्थापक म्हणत, "तुमच्या हातून आलेला कागद वाचला की झोप लागते." ही स्तुती आहे असे मी समजत असे. एकदा गोदामाच्या मुकादमाने आग लागल्याचा अहवाल लिहिला, त्यातला 'अतिशय मोठी' मी खोडला. तो समोर उभा राहून म्हणाला, "साहेब, आग तुम्ही विझवलीत." सारी कचेरी हसली. मीही.

मुलीचा अर्ज अद्याप माझ्याकडेच आहे. मी त्याला हात लावलेला नाही. तिला वाटते, डोळ्यामुळे.

दादा


२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

आज लिहिणे अवघड जाते आहे, म्हणून सरळ सांगतो.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी रोज संध्याकाळी पोथी वाचून अर्थ सांगतो. दहा-बारा वृद्ध येतात. दोघांना ऐकू येत नाही, एक झोपतात. गेले वर्षभर काकूही येऊ लागल्या आहेत. आपल्या भट्टीवाल्या काकांच्या काकू. भिंतीशी बसतात आणि सगळे उठल्यावर उठतात. काल वाणीच्या तपावरचा भाग होता: दुखवणार नाही, खरे असेल आणि हिताचे असेल असे बोलावे. मी तासभर बोललो. चांगला बोललो, असे सर्वांचे म्हणणे पडले.

सगळे गेल्यावर काकू थांबल्या. म्हणाल्या, "मास्तर, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या बहिणीबद्दल आहे."

विचारा म्हणालो.

"बुधवारी घरी आले तेव्हा हे म्हणाले होते, ताई सांगून गेल्यात, काही झालं तरी पेटवू नका. मी म्हटलं, मग नका पेटवू. तर म्हणाले, अगं, तोंडी सांगण्यावर मी कसा थांबणार, लेखी येऊ दे. शुक्रवारी लेखी आलं. व्यवस्थापकांनी वाचून दाखवलं म्हणे, बदललं तर बरं, असं लिहिलंय. बदलू पुढच्या महिन्यात. हे घरी येऊन म्हणाले, ताईंनी उगाच घाबरवलं होतं, कागदावर तसं काही नाही." काकूंनी पदर सारखा केला. "सात वर्षं मी तुमच्या बहिणीला शिव्या देते, मास्तर. तोंडावर एक बोलली आणि कागदावर घाबरली, म्हणून. तुम्ही एवढं खरं-खोट्याचं सांगता, म्हणून विचारते. ती घाबरली होती का हो?"

धाकटे, मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, फार दिवस झाले त्याला, काकू.

त्या दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मला नाही झाले." आणि चपला घालून गेल्या.

आज मी वाचनाला गेलो नाही. प्रकृती ठीक नसल्याचा निरोप पाठवला.

दादा


३ मार्च

चि. धाकटीस.

आशीर्वाद देण्याचा अधिकार मला आहे की नाही, ते हे पत्र वाचून तू ठरव.

गुरुवारी सकाळी तुझा अहवाल माझ्या टेबलावर आला. तू लिहिले होतेस: झडप निश्चितपणे अडकली आहे, मी ती तीनदा स्वतः हाताने तपासली, ती बदलेपर्यंत बॉयलर कोणत्याही परिस्थितीत मुळीच पेटवू नये. 'डेफिनिटली' तू दोन रेघांनी अधोरेखित केला होतास. आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, आपल्या भाषेत, बारीक अक्षरात लिहिले होतेस: 'दादा, या वेळी काही खोडू नकोस.'

ती ओळ मी वाचली. तू गाडी पकडण्यापूर्वी माझ्या खोलीत डोकावून हेच तोंडी सांगितले होतेस, तेही ऐकले होते. मला राग आला. मी शिकवलेली मुलगी मला माझे काम शिकवते, असा तो राग. 'डेफिनिटली' खोडला. तो खोडल्यावर वाक्य उघडे वाटू लागले, म्हणून 'आहे'चे 'दिसते' केले. 'कोणत्याही परिस्थितीत' आणि 'मुळीच' खोडले. मग उरलेली आज्ञा मला उद्धट वाटली, म्हणून तिचे 'इष्ट ठरेल' केले. 'तीनदा' मला अनावश्यक वाटले. पूर्वी मी स्वतःला समजावत असे की मी केवळ भाषा पाहिली, आशय नाही. हे खरे आहे आणि हाच गुन्हा आहे. मी तुझा अहवाल तपासला, धाकटे. वाचला नाही.

शनिवारी दहाच्या सुमारास काका गाडी घेऊन माझ्या दाराशी आले. गाडी भरली होती. म्हणाले, "मास्तर, तुमची टोपली दुसऱ्या फेरीत नेतो." मी मान न उचलता हो म्हणालो. दुसरी फेरी झाली नाही.

भट्टीच जागेवर राहिली नाही, म्हणून टोपली राहिली. दुपारी धुराच्या वासात मी खोलीत परतलो, तेव्हा खिडकीच्या काचा टेबलावर पडल्या होत्या आणि टोपली जशीच्या तशी होती. वरून तिसरा कागद तुझा होता. मी तो काढून घडी करून खिशात घातला. त्या वेळी मनात काय होते, ते मी सात वर्षे शोधतो आहे. तुझ्यासाठी राखून ठेवावा, असे होते असे म्हणायला आवडले असते.

चौकशीत तू म्हणालीस, माझा मूळ मसुदा वेगळा होता. अधिकारी माझ्याकडे वळले. अहवालाच्या मजकुरात तुमच्या हातून काही बदल झाला का, असे इंग्रजीत विचारले. व्यवस्थापक माझ्या उजवीकडे, तू समोर. टेबलाखाली तुझा पाय हलत होता, परीक्षेच्या वेळी हलायचा तसा. मी म्हणालो, 'सर्टनली नॉट.'

नुसते 'नो' म्हणालो असतो तरी खोटेच होते. पण तीस वर्षे दुसऱ्यांचे खोडलेले ते शब्द. त्यातला एक मी स्वतःसाठी ठेवला होता आणि नेमका तेव्हा काढला. तू माझ्याकडे पाहिलेस. तुला त्याच क्षणी कळले, हे मला दिसले. तू तुझे कागद आवरलेस. दादा अशी हाकही मारली नाहीस.

आता शेवटचे. तो कागद जळालेला नाही. तो पोथीच्या बासनात आहे, फळी आणि पहिल्या पानाच्या मध्ये. रोज सकाळी स्नान करून मी त्या पोथीवर डोके टेकवतो. सात वर्षे कशावर टेकवतो आहे, ते माझ्या डोक्याला ठाऊक होते.

काल काकूंच्या घरी गेलो. त्यांना सर्व सांगितले. तुझी कोपऱ्यातली ओळ वाचून दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. वाचता येत नाही त्यांना. विचारले, "यातलं 'मुळीच' कुठंय?" मी बोट ठेवले. त्यांनी त्या खोडलेल्या जागेवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही उद्यापासून वाचायला येऊ नका, मास्तर. मी येणार आहे तिथं." मी बरे म्हणालो.

मुलीलाही सांगितले. ती खिडकीत जाऊन उभी राहिली. "मी तुमच्याकडे इंग्रजी शिकायला यायचे," म्हणाली. पुढचे वाक्य पूर्ण केले नाही. परंतु गेलीही नाही. बसून माझा शपथपूर्वक जबाब इंग्रजीत उतरवून घेतला. तिचा अर्जही तिला परत दिला. चौदाचे चौदा शब्द जागच्या जागी आहेत.

जबाबाचा मसुदा सोबत आहे, मूळ कागदाची छायाप्रतही. मूळ कागद मुलीच्या स्वाधीन केला. माझे लिखाण मी आजवर कोणाला तपासायला दिले नाही. हे तुला देतो. जे खोडायचे ते खोड. जे घालायचे ते घाल. मुदत एकतीस तारखेची आहे. तुझ्याकडून काही आले नाही, तरी तीसला आहे तसा दाखल करीन.

दादा


२९ मार्च

चि. धाकटीस.

टपाल काल आले. पाकिटात तुझे पत्र नव्हते. माझा मसुदाच होता. लाल शाईने तपासलेला. मी तो खिडकीशी नेऊन चांगल्या डोळ्याने वाचला.

तू माझे पहिले वाक्य सबंध खोडलेस. 'मी अत्यंत खेदपूर्वक व मनःपूर्वक' असे ते सुरू होत होते. योग्य केलेस. 'वयपरत्वे', 'त्या काळच्या कार्यपद्धतीनुसार', 'अनवधानाने', हे तिन्ही गेले. तिसऱ्या परिच्छेदात मी व्यवस्थापकांच्या दबावाचा उल्लेख केला होता. त्यापुढे तू प्रश्नचिन्ह टाकलेस. दबाव नव्हता. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. तो परिच्छेद मी काढला.

आणि जेथे मी लिहिले होते की चौकशीत मी असत्य सांगितले, तेथे तू एकच शब्द वर घातलास. 'नोइंगली.' जाणूनबुजून. बाण काढून नेमकी जागा दाखवलीस, सांगण्याच्या शेजारी, मी तुला टेबलावर शिकवली होती तशी. बाकी पानभर तू खोडलेसच. जोर म्हणून एवढाच एक शब्द दिलास. मी त्या शब्दापाशी भाष्यकारांसारखा थांबलो. हा कशाला आला? याने कोणाला आत घेतले, कोणाला बाहेर ठेवले? उत्तर शोधायला पानभर लागले नाही.

मुलीने शुद्ध प्रत टंकली. आज सकाळी आम्ही परवाना मंडळाच्या कचेरीत गेलो. लांब बाक, पाण्याचा पिंप, भिंतीवर थांबलेले घड्याळ. मला चष्म्यानेही वाचता येईना, म्हणून कारकुनाने जबाब मोठ्याने वाचला. सपाट आवाजात, टपालाची यादी वाचावी तसा. 'नोइंगली'शी आला आणि थांबला. विचारले, "आजोबा, हा शब्द ठेवायचाय ना? काढलात तरी चालेल. नाहीतर तुमच्यावरच प्रकरण उभं राहील."

मी म्हणालो, "तो तसाच राहू द्या. तो माझ्या बहिणीने घातला आहे."

मग सही केली. हात थरथरला नाही.

अर्ज जबाबासह तेथेच दाखल करून घेतला; निकाल पुन्हा उघडला आहे. तुझी सुनावणी मे महिन्यात आहे. नोटीस तुला वेगळी येईल. माझ्याविरुद्ध खोट्या साक्षीचे प्रकरण चालेल, असे वकीलसाहेबांचे मत आहे. ते चालावे. सुनावणीला तू येशील तेव्हा मी त्या दालनात असणार. साक्षीदार म्हणून बोलावणे येईलच. तू माझ्याकडे पाहू नयेस. मला ओळख दाखवू नयेस. विचारतील तेवढेच सांगेन, आणि या वेळी 'होय'च्या पुढे-मागे काही जोडणार नाही.

बाहेर पायऱ्यांवर मुलगी म्हणाली, "मामा, शनिवारी येऊ?" मी विचारले, अजून काय शिकायचे राहिले? "काही नाही," म्हणाली. "तुमचा चहा चांगला असतो." चहा चांगला नसतो, तुला माहीत आहे. तिने नुसता 'चांगला' म्हटला, 'फार' लावला नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

पोथीचे बासन आज हलके लागले. सकाळी डोके टेकवले, तेव्हा मधे फक्त लाकूड होते.

तुझा तपासलेला मसुदा मी परत पाठवत नाही. तो माझ्याजवळ राहू दे. त्यावर तुझे अक्षर आहे, आणि तेवढेच माझ्या वाट्याला येणार आहे.

हे पत्र तुझ्या हाती पडो वा न पडो. पुढेमागे ते मंडळाच्या कागदांत जाऊन कोणा अनोळख्याच्या टेबलावर येवो. जो कोणी वाचील, त्याला समोरच्या कागदामागचा माणूस दिसो. कोणी 'खरोखर' म्हणाले तर त्याला थांबून ऐकण्याची बुद्धी होवो. ज्याचे शब्द दुसऱ्याच्या हातून जाणार आहेत, त्याला ते हात दयाळू मिळोत. आणि काकूंना, धाकटे, तुला, तुझ्या मुलीला, आणि वाचणाऱ्या सर्वांना तो शांती देवो, ज्याच्या दारी एकही अक्षर खोडले जात नाही.

दादा